गुत्त्याची जागा

नगर कमिटीच्या सेक्रेटरीचं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगतो, जी गोष्ट कुणालाच आपल्या दाराशी नको असते तिला जागा शोधून देणं. उकिरडा, खाटकाचं दुकान, मेलेली जनावरं टाकायची जागा; आणि या सगळ्यांत अवघड म्हणजे दारूचा गुत्ता. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा, असा संपादकांनी आग्रह धरला तेव्हा दिवे, नाल्या, घरपट्टी असं बरंच काही डोळ्यांपुढून गेलं. मन थांबलं ते मात्र गुत्त्यावरच. मी स्वतः थेंबाला शिवलेलो नाही. पण दारूच्या दुकानापायी मला जितकी माणसं कळली तितकी देवळापायी कळली नाहीत.

गाव वाशीमच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं. नाव मुद्दाम देत नाही. या हकिगतीतल्या काहींची मुलं-नातवंडं तिथं अजून नांदताहेत.

आजच्या वाचकाला इंग्रजी अमदानीतली पद्धत थोडी समजावून सांगायला हवी. दारू मोहाची. ती सरकारच्या देखरेखीखाली गाळली जायची आणि परवाना असलेल्या दुकानातूनच विकली जायची. त्या दुकानाला आमच्याकडे गुत्ता म्हणत. परवाना द्यायचा सरकारनं. पण त्याआधी आबकारी खात्याचा कागद कमिटीकडे यायचा. दुकान आहे तिथंच असू द्यावं काय? लोकांची हरकत आहे काय? असल्यास दुसरी जागा कोणती? सभासदांनी बसून ठराव करायचा, मी तो साफ अक्षरात लिहून डिप्टी कमिशनरसाहेबांकडे पाठवायचा. दुकान असावं की नसावं, हे आम्हाला कुणी विचारत नसे. म्हणजे सासू तर येणारच. तिची खाट कुठं टाकायची तेवढं सांगा.

या कागदाच्या सुमाराला कचेरीत नाना तऱ्हेची माणसं यायची. एका म्हाताऱ्यानं अर्ज दिला होता की, गुत्ता देवळाजवळून हलवला ते फार धर्माचं काम झालं, परंतु आता तो लांब पडतो आणि माझे गुडघे दुखतात, तरी मधली एखादी जागा पाहावी. मानोऱ्याकडच्या एका तांड्याचा नाईक एकदा येऊन बसला. घरी गाळली म्हणून त्याच्या माणसांना आबकारीच्या जमादारानं धरून नेलं होतं. मला म्हणाला, "साहेब, आमच्या देवाले सरकारची बाटली चालत नाही. घरचीच लागते. हे कोणाले सांगाचं?" मी त्याला पाणी दिलं.

पण मला सांगायची आहे ती भागीरथी कलालीण आणि सोनाबाई माळीण यांची गोष्ट.

आमच्या गावचा गुत्ता तेव्हा माळीपुऱ्यातून बाजाराकडे येणाऱ्या वाटेवर होता. भागीरथीचा नवरा तो चालवायचा. तो तापानं गेला आणि परवाना तिच्या नावावर झाला. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला कळावं. गल्ल्यामागे मांडी घालून बसायची आणि आलेल्या माणसाकडं आधी निरखून पाहायची. कडेवर पोर घेऊन कुणी आला तर, "पोरगं घरी ठेवून ये, मंग बोलू." कुणाचा पाय आधीच लटपटत असला तर, "आज झालं तुहं. निंग." माणसं निमूट निघत. दारू विकणाऱ्या बाईला लोक मागं नावं ठेवायचे, पण तोंडावर उलट बोलायची कुणाची छाती नव्हती.

तरी दुकान ते दुकानच. वाटेवर माणसं पडलेली असत. डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायकांना काहीबाही ऐकून घ्यावं लागे. एका बाजाराच्या दिवशी दुपारी माळीपुऱ्यातल्या आठ-दहा बायका रिकाम्या पाट्या घेऊन थेट कचेरीत आल्या. पुढं सोनाबाई. ठेंगणी, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. तिचा नवरा किसन पिणाऱ्यांतला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिनं मात्र त्याचं नाव काढलं नाही.

"शिक्रेटरीसाहेब," ती म्हणाली, "आमच्या लेकी-सुनायनं कोन्या वाटेनं जावं ते तुमी सांगा. काल माह्या जावेचा पदर ओढला एकानं. मेथीची पाटी चिखलात गेली."

"सोनाबाई, अर्ज करावा लागेल. लिहायचं काय? दुकान हलवावं, की बंद करावं?"

"बंद करता येते काय तुमाले?"

"नाही. ते सरकारच्या हातात. आम्हाला फक्त हलवा म्हणता येतं."

ती थोडा वेळ बायकांकडं बघत राहिली. "मंग हलवा. कायले इचारता?"

मी अर्ज लिहिला, वाचून दाखवला, आणि सगळ्यांचे अंगठे घेतले. जाता जाता एक म्हातारी अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली, "लगनानंतर पयल्यांदाच कोनी माहं म्हननं लिवून घेतलं व माय."

मग सभा भरली. आमचे अध्यक्ष वकील होते, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. सरकीचे व्यापारी शेठजी होते, आणि बांगड्यांच्या दुकानाचे करीमभाई होते. बाकीचे सभासद या तिघांचं ऐकून हात वर करायचे. गुत्ता माळीपुऱ्याच्या वाटेवरून उठवावा, यावर पहिल्या मिनिटालाच एकमत झालं. न्यायचा कुठं, यावर चहा दोनदा झाला. शेठजींच्या पेठेत नको, कारण तिथं बाहेरगावचे व्यापारी येतात. वकीलसाहेबांच्या आळीजवळ शाळा होती. करीमभाई म्हणाले, "हमारे मोहल्ले का तो सवालच नाही. आमच्यात पेत नाहीत, तं दुकान कोनासाठी?" शेठजी हळूच हसले. करीमभाईंनाही हसू आलं, पण मत बदललं नाही.

शेवटी वकीलसाहेबांना ओढा आठवला. जऊळक्याच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गावाबाहेर, ओढ्यापलीकडं सरकारी पडीक जागा होती. ना घर, ना देऊळ, ना शाळा, ना मशीद. सगळ्यांचे चेहरे उजळले.

भागीरथीला तिचं म्हणणं मांडायला बोलावलं होतं. त्या खोलीत बोलायला उभी राहिलेली ती पहिली बाई. डोक्यावरून पदर घेतलेला, पण मान ताठ.

"वकीलसाहेब, तुमी म्हनसान तिथं मी जाईन. पन एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या ओढ्याले पूल नाही, रपटा हाय. पावसाळ्यात पानी रपट्यावरून वाह्यते. येतानी मानूस शुद्धीवर असते, जातानी नसते."

"मग ओढा पाहून लोक प्यायला जाणारच नाहीत," वकीलसाहेब म्हणाले. "आमचा हेतू तोच आहे."

सगळ्यांना हे फार पटलं. मलाही पटलं होतं, कारण बोलणारा माणूस कळकळीचा होता. भागीरथी एवढंच म्हणाली, "पेनारा थांबत नाही, साहेब. मी पाह्यत आली हावो." आणि गेली.

ठराव वर गेला, मंजूर होऊन आला. उन्हाळ्यात गुत्ता ओढ्यापलीकडं गेला. सोनाबाईनं कचेरीत येऊन सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. माळीपुऱ्याची वाट शांत झाली. गावात जो तो म्हणे, कमिटीनं बऱ्याच वर्षांत एक काम केलं. आम्हीही ऐकून सुखावलो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रपट्यावर गेलो होतो. त्याचे काही दगड सुटल्याची तक्रार होती. दुपारचं लख्ख ऊन पडलेलं. अलीकडच्या काठाला सोनाबाई आणि दोघीतिघी बाजारासाठी मुळे धूत होत्या. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वर मेडशीच्या बाजूला आभाळ काळं दिसत होतं. पाहता पाहता पाणी गढूळ झालं, मग लाल. बायकांनी पाट्या उचलल्या आणि काठावर चढल्या. थोड्या वेळात रपट्यावरून पोटरीएवढं पाणी वाहायला लागलं.

पलीकडं गुत्त्यातून दोघं बाहेर आले. एक सोनाबाईचा किसन. दुसरा महादू, कापसाच्या जिनात गाठी उचलणारा हमाल. एकटा जीव, बायको नाही, मूल नाही. सणाची दोघांनाही चढलेली होती. एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ते सरळ रपट्यावर आले.

"मांगं फिरा! किसन, मांगं फिर!" आम्ही इकडून ओरडत होतो. महादूनं आम्हाला हात हलवून रामराम केला.

भागीरथी दुकानातून धावत आली. बाहेर एका बैलगाडीचा नाडा, म्हणजे जाड दोर, पडला होता. तो उचलून तिनं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं कमरेला गुंडाळलं आणि पाण्यात शिरली. तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला. दोघांचेही पाय सुटले. किसन रपट्याच्या कडेच्या दगडाला अडकला. महादूच्या हाताला काही लागलं नाही. पाण्यावर त्याचं मुंडासं एकदा दिसलं, मग तेही नाही.

छातीएवढ्या पाण्यात भागीरथीनं किसनला बंडीच्या गळ्याला धरलं. सोडवून घ्यायला तो तिच्या अंगावर हात मारत होता. ती एका हातानं नाडा ओढत होती आणि त्याला अशा शिव्या देत होती की पुराच्या आवाजातही इकडं ऐकू येत होत्या. गुत्त्यातली आणखी दोन माणसं शुद्धीवर आल्यासारखी धावली आणि त्यांनी दोघांना वर ओढलं.

सोनाबाई माझ्या शेजारी उभी होती. हातातली मुळ्याची जुडी तिनं इतकी आवळली होती की पाल्याचं पाणी तिच्या कोपरापर्यंत आलं होतं.

पाणी उतरायला बराच वेळ लागला. ती पहिली पलीकडं गेली. तिच्या मागोमाग मी. किसन भिंतीला टेकून बसला होता, थरथरत. तिनं त्याच्याकडं पाहिलं, जिवंत आहे याची खात्री केली आणि त्याला ओलांडून भागीरथीसमोर जाऊन बसली. भागीरथीचे दोन्ही तळवे नाड्यानं सोलून निघाले होते.

"हात दाखव," सोनाबाई म्हणाली.

भागीरथीनं दाखवले. सोनाबाईनं आपल्या पदराची चिंधी फाडली आणि बांधायला लागली. बांधता बांधता, मान वर न करता तिनं विचारलं, "आज तरी देल्ली काहून त्याले?"

"खोटं नाही सांगत बाई. देल्ली. माहा धंदाच तो हाय. पयले तुहा नवरा पिऊन माह्या दारातून उठे, मी म्हनो, निंग, घरी जाय, तं तो घरी पोचे. आता मी निंग म्हनलं तं कुठं निंगन? ओढ्यात?"

सोनाबाईनं गाठ मारली. "मीच अंगठा देल्ला होता," ती म्हणाली.

"तू काहून मनाले लावून घेतं? तुह्या जावेचा पदर ओढलाच होता ना?"

मी तिथं उभा राहू शकलो नाही.

महादू संध्याकाळच्या आत सापडला, खूप खाली, एका वळणावर. दुसऱ्या दिवशी त्याच्या मयताला लाकडं भागीरथीनं दिली. अग्नी कुणी द्यायचा, हा प्रश्न निघाला तेव्हा किसन पुढं आला. त्या दिवशी तो पूर्ण शुद्धीवर होता.

यानंतरची सभा मला सर्वांत लख्ख आठवते. माणूस मेला होता, आणि मेलेल्या माणसाचा दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय सभांना चैन पडत नाही. शेठजींनी सूचना आणली की भागीरथीचा परवाना काढून घ्यावा, अशी शिफारस कमिटीनं करावी. कारण काय, तर बाईमाणसाला हे दुकान सांभाळता येत नाही. बाहेरगावच्या एका मोठ्या गुत्तेदाराचा माणूस दोन दिवस गावात मुक्कामाला होता आणि सभासदांच्या घरोघर जाऊन आला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोललं कुणीच नाही.

वकीलसाहेब सूचना मताला टाकणार, एवढ्यात दाराशी गलबला झाला. सोनाबाई आत आली. या खेपेला एकटी.

"अर्ज आहे का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही जी. मांगच्या वक्ती अर्ज लिवला तं तुमी एवढा मोठा ओढा देल्ला. आता तोंडानंच सांगतो."

कुणी हसलं नाही. ती पुढं म्हणाली, "दुकान बंद करता येत असन तं आजच करा. मी साऱ्या गावाले गूळ वाटतो. पन येत नसन, तं ते डोयाआड नका ढकलू. आमची मानसं तिकडं काय करून राह्यली, जित्ती हायेत का मेली, आमाले दिसत नाही. आमच्या डोयापुढं आना ते. आन बाई तीच ठेवा. नवा कोनी येईन, तो पैसे घेईन आन पाजन. निंग घरी, असं कोन म्हनन?"

"पण बाई, डोळ्यांपुढं म्हणजे कुठं?" वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. महादूच्या मयताला ते अनवाणी चालत आले होते, ते मी पाहिलं होतं. "मागं सगळ्या पेठांनी नको म्हटलंय."

मग करीमभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वकीलसाहेब, माह्या दुकानासमोर ती कमिटीची रिकामी जागा हाय ना? तिथं द्या."

शेठजी चकित झाले. "करीमभाई, तुमच्या दुकानासमोर? तुमचे लोक काय म्हणतील?"

"म्हनतीन. चार दिवस बोलतीन. देखो, माह्या दुकानात कोन येते? गावातल्या साऱ्या बाया. सकायपासून दिवेलागनीपर्यंत बांगड्या भराले बसल्या असतात. कोनाची माय, कोनाची सासू, कोनाची मावशी. त्याइच्या समोर बाटली घेऊन उभं राह्याले, अन पिऊन पडाले कलेजा पाह्यजे. मले नाही वाटत आपल्या गावात तेवढे बहाद्दर असतीन."

सभेत पहिल्यांदा मोकळं हसू फुटलं. वकीलसाहेबांनी दोन अटी घातल्या: दुकानात बसून प्यायचं नाही, आणि दिवेलागणीला दार बंद. शेठजींनी सूचना मागं घेतली. मी ठराव लिहिला. माझ्या नोकरीत मी शेकडो ठराव लिहिले, त्यातला हा एक मला अजून तोंडपाठ आहे.

करीमभाईंचं म्हणणं खरं ठरलं, आणि आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त. पुरुष गल्लीच्या तोंडाशी यायचे, समोर बांगड्या भरत बसलेल्या बायका पाहायचे आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरायचे. भागीरथी मला म्हणाली, "साहेब, ओढ्यानं माहं गिऱ्हाईक नाही तोडलं, ह्या काकनवाल्यानं तोडलं." म्हणताना ती हसत होती. करीमभाईंना मशिदीत काही दिवस बोलणी खावी लागली. त्यांनी ती शांतपणे खाल्ली. एका वजनदार गृहस्थानं त्यांच्याकडं जाणं-येणं बंद केलं, ते मात्र त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही.

किसन सुधारला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो सुधारला नाही. कमी प्यायला लागला एवढंच. आणि प्यायला तरी घरी पोचायला लागला. सोनाबाईचं म्हणणं, तेवढंही थोडं नाही.

मग काही वर्षांनी काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि आमच्या भागात दारूबंदी झाली. आम्ही वर्षानुवर्षं ज्याच्या जागेसाठी डोकी शिणवली, ते दुकान वरच्या एका हुकुमानं उठलं. आम्हाला कुणी विचारलंही नाही. गावात मिरवणूक निघाली, घोषणा झाल्या. मी स्वतः मिरवणुकीत चाललो आणि मला मनापासून आनंद झाला होता. पण मिरवणूक बांगड्यांच्या गल्लीतून जाताना भागीरथी आपल्या बंद दारात उभी दिसली. तिच्या तळव्यांवर ते व्रण अजून होते. लोक तिच्याकडं पाहून जोरानं ओरडत होते. करीमभाई आपल्या दुकानातून उतरले, रस्ता ओलांडून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि मिरवणूक जाईपर्यंत हलले नाहीत. त्या गर्दीतून बाहेर पडून आपणही तिथं जाऊन उभं राहावं, असं मला वाटलं. पाय मात्र गर्दीबरोबर पुढं गेले.

ती माहेरी जाईल, असं सगळे म्हणत होते. मीही तेच धरून चाललो. पुढं महिनाभर कामाच्या रगाड्यात तिची आठवण राहिली नाही.

एका बाजाराच्या दिवशी भाजीला गेलो. माळणींची रांग नेहमीसारखी बसलेली. सोनाबाईच्या शेजारी एक उंच बाई मांडी घालून बसली होती. पुढं मेथी, आंबटचुका, वांगी. समोरच्या गिऱ्हाइकाला ती दरडावत होती, "वांगं दाबून कायले पाह्यतं? घ्याचं असन तं घे, नाही तं निंग." तो आवाज दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं. मागून किसन भाजीची पाटी घेऊन आला, ती दोघींच्या मधोमध ठेवली आणि दोघींपैकी कुणी काही बोलायच्या आत निघून गेला.

मी पाहत उभा राहिलेला सोनाबाईला दिसलो. कमिटीचा माणूस बाजारात आला की भाजीवाल्या बायका जशा सावध होतात तशी ती सावध झाली. हात पुसून उठली आणि माझ्याजवळ आली.

"शिक्रेटरीसाहेब, खरं सांगा. आमच्या रांगेत बसाले हिले लायसन लागते काय?"

लागत होतं. बाजारात नवी जागा घेणाऱ्यानं कमिटीचा परवाना काढावा, असा नियम होता, आणि त्याखाली सही माझीच होती.

"नाही लागत," मी म्हणालो, आणि भागीरथीपुढं वाकून मेथीच्या दोन जुड्या मागितल्या.